नारळ आणि टायटॅनियमचा तुकडा

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय होता टायटॅनियमचा मिश्रधातू. तो तापवून दाबला की आतली रचना कशी बदलते आणि ताकदीवर काय परिणाम होतो, हे मला पाहायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे विषय समजावून सांगताना माझी जीभ अडखळायची. परंदवडीच्या शेतात कोथिंबीर काढताना वडिलांनी विचारलं होतं, तेव्हा एवढंच सांगता आलं की फार तापवलं तर धातूच्या आतले स्फटिकांचे दाणे मोठे होतात, कमी तापवलं तर धातू फाटतो, मधल्या तापमानाला दाबलं तर दाणे बारीक आणि गोल राहतात. "मंजी बेतानं," असं म्हणून ते पुन्हा जुड्या बांधू लागले.

तळेगावजवळच्या एका लहान फोर्जिंग शॉपनं, म्हणजे तापलेला धातू दाबून घडवणाऱ्या कारखान्यानं, त्यांची प्रेस वापरायला दिली. धातू महाग, म्हणून प्रत्येक तापमानाला एकच तुकडा होता. शेवटच्या, मधल्या तापमानाच्या तुकड्यासाठी नवा साचा बसवला होता. त्या दिवशी वडील मला मोटारसायकलवर सोडायला आले आणि बघायला थांबले.

भट्टीतून नारिंगी तुकडा सांडशीनं काढून साच्यावर ठेवला. प्रेस चालवणारे कारागीर, ज्यांना तिथं सगळे भाऊ म्हणत, बटणावर हात ठेवणार, तेवढ्यात थबकले. "नव्या साच्याला नारळ फोडला का?"

नव्या साच्याचा पहिला दाब नारळाशिवाय द्यायचा नाही, अशी त्या शॉपची रीत. आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं फोडला असेल. शेवटचा तुकडा म्हणून आईनं दिलेला नारळ आमच्या गाडीच्या डिकीत होता. वडील धावतच घेऊन आले, पण तो काही केल्या फुटेना. एकदा तर उसळून माझ्या पायाशी आला. भाऊ हसू दाबत म्हणाले, "आबा, टायटॅनियमचा आणलाय का?" या गडबडीत तुकडा परत भट्टीत ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी नारळ फुटला, पाणी शिंपडलं, दाब दिला. पण तोवर नारिंगी रंग काळपट लाल झाला होता आणि गार साच्याला टेकलेली बाजू तर आणखीच निवली होती. तुकड्याच्या कडेला तडे गेले.

दुसरा तुकडा नव्हता. महत्त्वाचं तापमान नेमकं तेच, त्याशिवाय तुलना कशाशी करणार? सगळ्यांनी खोबरं खाल्लं, मलाही दिलं, पण मी ते तसंच रुमालात गुंडाळलं. परतताना सोमाटणे फाटा आला. वडील गाडी हळू करून म्हणाले, "माज्यामुळं गेलं ना तुजं?" मी नाही म्हटलं, पण आवाज बारीकच निघाला.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, कापून तर बघू. कापला, घासला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कडेला दाणे चेपून लांबट पट्टे झाले होते आणि तडा त्याच पट्ट्यांतून गेला होता. मध्यभागी मात्र, जिथं ऊब टिकली होती, तिथं दाणे बारीक, गोल, अगदी हवे तसे. एकाच तुकड्यात दोन्ही. मला हसूच आलं. मधल्या भागातून छोटा नमुना काढून ताकदही मोजता आली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी त्याच तुकड्याचा सूक्ष्मदर्शकातला फोटो निवडला आणि विचारलं की कड इतकी निवेपर्यंत तुकडा साच्यावर का राहिला. "यंत्रात अडचण होती" हे वाक्य तयार होतं, पण डोळ्यांसमोर उसळलेला नारळ आला आणि मी सगळं सांगून टाकलं. सर चष्मा काढून हसले. मग गंभीर होऊन निवण्याबद्दल, दाण्यांबद्दल विचारत राहिले, आणि आश्चर्य म्हणजे मी न अडखळता बोलत होते. शेवटी म्हणाले, "हाच तुमच्या कामाचा सगळ्यात चांगला भाग आहे."

वडील गेटबाहेर गाडीवर बसून होते. मी त्यांना सरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं, मग किक मारली.

"मंजी नारळ वाया न्हाई गेला," ते म्हणाले. "पण फुडच्या येळेला तुकडा भट्टीत हाय तवरच फोडू."