खंडेनवमी आणि वर्खाची जाडी

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं धुतात, पुसतात, हळदीकुंकू लावतात आणि दिवसभर त्यांना कुणी हात लावत नाही. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांना सुट्टी. माणसांना मात्र नाही. आई त्या दिवशी दुप्पट राबते.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि पीएचडीला लागलेलीही मीच. घनसावंगीकडच्या आमच्या गावी दसऱ्याला आले तेव्हा लॅपटॉप सोबत होता आणि आल्यापासून अखंड चालू होता. नवमीच्या संध्याकाळपर्यंत त्यानं मला एक आकडा द्यायचा होता.

कसला, ते सांगते. आम्ही प्रयोगशाळेत मिठाईवरच्या वर्खापेक्षाही पातळ अशा वर्खावर लेसरचा झोत मारतो. झोत एवढा प्रखर, की वर्ख वर्ख राहत नाही. अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्याचा दाट प्लाझ्मा होतो. साधा प्रकाश असल्या थरावरून आरशासारखा परत फिरतो. आमचा प्रकाश दांडगा. तो इलेक्ट्रॉनांना पुढं रेटतो, मागं उरलेले जड आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, त्यांना ओढून धरतात, आणि या ओढाताणीत अख्खा थरच पुढं पळतो. पण थर फारच पातळ असला तर इलेक्ट्रॉन पसार, प्रकाश आरपार आणि थराच्या चिंध्या. फार जाड असला तर तो ढिम्म. मधली बरोबर जाडी मी सांगायची आणि माझे गाईड सर त्याच संध्याकाळी वर्ख मागवणार. लेसरवर माझी पाळी वर्षातून एकदा येते. चुकीचा वर्ख आला तर वर्षभर बोंबलत बसायचं.

नवमीला सकाळी आंघोळ करून येते तर लॅपटॉप विळ्याखुरप्यांच्या रांगेत. वर झेंडू, झाकणावर कुंकू. चार्जर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुंडाळून ठेवलेला. बॅटरी केव्हाच मेलेली. म्हणजे लॅपटॉप बंद आणि त्यावर चाललेलं गणित पुन्हा पहिल्यापासून.

“अण्णा, ते चालू होतं!”

“म्हणून तर बंद केलं. आज हत्यार चालवत्येत का?”

“संध्याकाळी उत्तर द्यायचंय मला!”

“ट्रॅक्टर बी उभा हाय. सोयाबीन रानात पडलंय. मी रडून राह्यलो का?”

आतून आई ओरडली, “कुंकू पुसू नको गं माय, वर्सभर बिघाड व्हईल.”

“आई, बिघाड आत्ताच झालाय.”

अण्णा फोनवर व्हिडिओ बघत होते. मी विचारलं, “मंग हे हत्यार न्हाई का?”

“ह्याच्यानं मी काय काम करतो, सांग बरं?”



मग मी त्यांना वर्ख, झोत, सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे एवढी शिकून तू मिठाईचा वर्ख उडवून राह्यली?”

“हो. आन् मिठाई बी भेटत न्हाई.”

गणित पुन्हा लावलं असतं तरी संध्याकाळपर्यंत होणार नव्हतं. आईनं पेनंही पूजेत मांडली होती. मी निंबाची काडी घेतली आणि अंगणाच्या मातीत बसले. फळ्यावर शिकलेला एक सोपा हिशोब होता: एका बाजूला प्रकाशाचा जोर, दुसऱ्या बाजूला थराचा दाटपणा गुणिले जाडी. दोन्ही बाजू जवळपास सारख्या झाल्या की थर नीट पळतो. परीक्षेत मार्क मिळाल्यावर मी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं.

“त्या काडीला बी कुंकू लावू का?” आईनं विचारलं.

“आधी आकडा निघू दे.”

आकडा निघाला. तो मी जरा वाढवला, कारण खऱ्या झोताच्या आधी थोडा प्रकाश गळत येतो आणि वर्खाची पुढची बाजू खाऊन टाकतो. मग सरांना फोन लावला.

“कम्प्युटर काय म्हणतो?”

“त्याला आज सुट्टी आहे, सर.”

“कुणी दिली?”

“अण्णांनी.”

“मग आकडा कुठून आणलास?”

सांगितला हिशोब.

“आणि वर वाढवलंस ते?”

“मागच्या पाळीला वर्ख आधीच खाल्लेला मी बघितलाय, सर. किती खाल्ला होता, त्याच्या अंदाजानं.”

“अंदाजानं! दोन दिवसांनी पक्कं सांगतेस का?”

“दोन दिवसांनी वर्ख मिळेल का?”

“नाही.”

“मग हाच.” माझा आवाज एवढा चढला की अण्णांनी व्हिडिओ थांबवला.

“चुकलं तर वर्षभर माझ्यापुढं रडायचं नाही.”

“नाही रडणार. मागवा.”

सरांनी मागवला. वर्ख आला, पाळीही आली. थर फाटला नाही, पुढं पळाला. सगळ्यांत जोरात पळाला असं म्हणणार नाही. आणखी थोडा पातळ चालला असता, हे मला नंतर कळलं. पण पळाला, आणि माझ्या आकड्यावर पळाला.