धाकटीचे पाय

श्रेया नरवडे खांबाकडे झेपावली की मैदानावरचा गलका क्षणभर थांबायचा. खो-खोत पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून निसटायला बघते. नेमकं तेव्हाच एका हातानं खांब धरायचा, अंग हवेत आडवं झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हातानं तिला टिपायचं. पोरी याला पोल डाईव्ह म्हणतात. आठवीतल्या श्रेयाला ती अशी साधली होती की दुसऱ्या शाळांचे सर मुद्दाम बघायला यायचे. तिचे वडील शिवराज मूळचे पाचोडचे. शेती भावावर सोपवून ते वाळूजच्या कंपनीत लागले होते आणि शहरात पुंडलिकनगरात घर केलं होतं. कामावरून आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, "आज किती गडी मारले गं?"

धाकटी संस्कृती दोन वर्षांनी लहान. तिला मातीत पडायला आवडायचं नाही, पळताना धाप लागायची. श्रेयाचा तिच्यावर फार जीव होता. जी आपल्या बरोबरीचीच नाही, तिच्यावर माया करायला कष्ट पडत नाहीत.

नववीत श्रेयाचं बिनसायला लागलं. आधी जिना उतरताना पाय चुकायचा. मग एके सकाळी तोंडाला साबण लावून तिनं डोळे मिटले आणि सरळ मोरीच्या भिंतीवर जाऊन आदळली. लाईट गेली की तिला आपले पाय कुठं आहेत तेच कळेना. मैदानावर ती खांबाकडे झेपावायची आणि हातात खांबाऐवजी हवा यायची. सर आधी ओरडले, मग समजावून सांगितलं, मग बोलायचेच बंद झाले. शेवटी एक दिवस म्हणाले, "काही दिवस आराम कर बेटा." संघात एक जागा रिकामी झाली. सरावाला पोरी कमी पडत होत्या म्हणून त्यांनी कडेला उभ्या असलेल्या संस्कृतीला हाक मारली, "ए धाकटी नरवडे, ये तू."

आणि धाकटी पळायला लागली. त्या वर्षी ती एकदम उंच झाली होती, पाय लांबसडक झाले होते. महिनाभरात धाप लागायची थांबली. दोघी एकाच आईच्या पोटच्या, एकाच ताटात जेवलेल्या. मग हिचे पाय असे कसे आणि माझे असे कसे? रात्री शेजारच्या गादीवर संस्कृती तंगड्या पसरून झोपायची, तेव्हा श्रेया त्या पायांकडे टक लावून बघत राहायची. आपलं कुणीतरी चोरून नेलंय आणि चोर आपल्याच पांघरुणात झोपलाय, असं तिला वाटायचं.

घरच्यांनी जे जे सुचेल ते केलं. चष्मा झाला, रक्त वाढायच्या गोळ्या झाल्या. पाचोडहून आजी, चतुराबाई, मीठ-मोहऱ्या घेऊन आली. "पोरीला लई नजर लागली," ती म्हणाली, "समदं गाव बघत व्हतं तिचं पळणं." आई करुणा शेंगदाण्याचे लाडू करायची, रात्री बदाम भिजत घालायची, करडईच्या तेलातली पालेभाजी पुढ्यात बसून खाऊ घालायची. लाडू दोघी खायच्या. संस्कृतीचं अंग भरत गेलं. श्रेयाची जीभ मात्र जड व्हायला लागली, बोलताना शब्द अडखळायला लागले. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा मेंदूचा वंशाचा आजार दिसतो, याला औषध नाही, पुढेमागे खुर्ची लागेल. त्या दिवशी शिवराज घरी आले आणि थेट गच्चीवर जाऊन बसले.

तरीही करुणानं हट्ट धरला की आणखी एकदा दाखवू. मेंदूविकाराच्या डॉक्टर कालिंदी पुराणिक यांनी श्रेयाच्या घोट्यावर, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. पाय हललाच नाही. पाय जुळवून उभं राहायला सांगितलं, डोळे मिटायला लावले. श्रेया डोलली आणि पडता पडता शिवराजनी तिला धरलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हा नवरा-बायकोचं आधीचं काही नातं?"

"मामाची मुलगी केली मी," शिवराज म्हणाले. "आमच्यात चालतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि आणखी एक रक्ततपासणी लिहून दिली. नमुना मुंबईला गेला. रिपोर्ट आला तेव्हा श्रेयाच्या रक्तात ई जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच.

करुणा रडायलाच लागली. "मॅडम, मी सगळं खाऊ घातलं हो. शेंगदाणे, बदाम, भाजी..."

"तुमचं काहीच चुकलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चारचौघांसारखं जेवणाऱ्या माणसाला हे जीवनसत्त्व सहसा कमी पडत नाही. तेलातून, दाण्यांतून पुरेसं मिळतं. हिलाही मिळतंय, पोटातून आतही जातंय. पण यकृतात ते उचलून परत रक्तात सोडणारं एक प्रथिन असतं, ते हिचं जन्मापासून बिघडलेलं आहे. नात्यातल्या लग्नात असा दोष दोन्हीकडून येऊ शकतो. त्यामुळे आलेलं सगळं वाया जातं. नसांच्या आवरणाला झिजेपासून वाचवायचं काम या जीवनसत्त्वाचं. ते मिळालं नाही की मेंदूकडे पायांची खबरच पोचत नाही."

"मग आता?" शिवराजनी विचारलं.

"आता भरपूर मोठा डोस द्यायचा, म्हणजे थोडं तरी रक्तात टिकेल. रोज, जेवणानंतर, जन्मभर. याच्यासारखेच दिसणारे दुसरे आजार आहेत, त्यांना असं औषध नाही. हिला आहे. खुर्चीचं मनातून काढून टाका. पण घरातल्या दुसऱ्या कुणी आपल्या मनानं इतका डोस घ्यायचा नाही, रक्त गोठायला अडचण येते." मग त्या संस्कृतीकडे वळल्या. "हिचंही रक्त बघू. दोष सख्ख्या बहिणीतही असू शकतो."

खाली औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या बाईनं हिरव्या कॅप्सूलच्या पट्ट्या ठेवता ठेवता हसून विचारलं, "इतक्या? चेहऱ्याला लावायला का?"

संस्कृतीचा रिपोर्ट यायला वेळ होता. तोवर श्रेया एकच गोष्ट मनात घोळवत होती. हिचंही कमी येऊ दे. फार नको, थोडं. म्हणजे सर हिलाही आराम कर म्हणतील. आपण असं मागतोय हे कळून तिला स्वतःची किळस यायची, पण मागणं थांबत नव्हतं.

अशातच एका संध्याकाळी ती खोलीत गेली, तर संस्कृती आरशासमोर उभी होती. एक कॅप्सूल टाचणीनं फोडून त्यातलं तेल गालावरच्या पुटकुळ्यांना चोळत होती. श्रेयानं तिचा हात धरून ओढला.

"जे घेतल्यावर मी उभी राहणार, ते तू गालाला फासतेस?"

"एकच घेतली, ताई. वर्गातल्या सगळ्याच लावतात."

"सगळ्यांना परवडतं. तुलाही परवडतं. दोन लाडू खाल्ले की झालं तुझं!" बोलताना जीभ अडखळली आणि शब्द वाकडे आले. संस्कृतीच्या तोंडावर क्षणभर दया आली. श्रेयाला ती दया सहन झाली नाही. तिनं बहिणीच्या गालावर चापट मारली. तेलानं बोटं निसरडी झाली.

रिपोर्ट आला. संस्कृतीचं सगळं व्यवस्थित होतं. करुणानं देवापुढे साखर ठेवली. श्रेया कोपऱ्यात बसून हमसून रडली, तेव्हा आईनं तिला कुशीत घेतलं. "बघा, बहिणीसाठी किती जीव तुटतो हिचा." श्रेयानं आईच्या पदरात तोंड लपवलं.

रात्री जेवणं झाल्यावर दोघी गच्चीवर होत्या. संस्कृती कठड्याला टेकून म्हणाली, "तुला वाटत होतं ना, माझंपण कमी यावं?"

खोटं बोलायची श्रेयात ताकद नव्हती. "हो."

"मलापण वाटत होतं."

"तुझंच कमी यावं असं?"

"मग काय!" संस्कृतीचा आवाज चिरका झाला. "माझ्या एका मॅचला कोणी आलं? पप्पा मला विचारतात का, किती गडी मारले? मी जिंकून आले त्या दिवशी मम्मी म्हणाली, हळू बोल, ताईला ऐकू जाईल. लई झालं तुझं, ताई. तू नीट असताना तुझंच कौतुक, आजारी पडलीस तरी तुझंच."

आपल्यावरही कुणी इतकं जळत असेल, हे श्रेयाच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. त्यानं तिला वाईट वाटायला हवं होतं. खरं तर बरं वाटलं.

औषधाचा गुण हळूहळू आला. जीभ मोकळी झाली. मग जिना उतरताना कठडा धरणं सुटलं. वर्ष उलटल्यावर तिला रस्त्यावर चालताना बघून कुणाला काही कळलं नसतं. पण घोट्यावर हातोडी मारली तर पाय अजूनही हलत नव्हता, आणि अंधारात ती अजून भिंत धरायची. "गेलेलं सगळं परत येत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण आणखी जाणार नाही." खो-खोचं तिनं विचारलं नाही.

श्रेया बारावीत असताना, दिवाळीआधी सिल्लोडला संस्कृतीचे सामने होते. शिवराजनी सुट्टी टाकली आणि सगळे गेले. श्रेया कडेला खुर्चीवर बसली. संस्कृती झेपावली आणि चुकली. पुन्हा झेपावली, पुन्हा चुकली. दोन्ही वेळा श्रेयाच्या मनात आधी आनंद उसळला. मग दुसरंच काहीतरी आलं: ही इतकं सुंदर अंग घेऊन इतका वाईट सूर मारतेय! मध्यंतरात ती उठून थेट बहिणीकडे गेली.

"तू खांबाकडे बघतेस. बघू नकोस. खांब कुठं जात नाही. पळणारीच्या कमरेकडे बघ आणि एक पाऊल आधी सुट."

"आधी सुटले तर पडेन."

"पड मग."

दुसऱ्या डावात संस्कृती एक पाऊल आधी सुटली. अंग हवेत आडवं झालं, बोटं पाठीला लागली, शिट्टी वाजली. शिवराज उभे राहून ओरडले, "व्वा रे पठ्ठ्या!" लोक टाळ्या वाजवत होते. खुर्चीवर परतलेल्या श्रेयाचे हात मांडीवरच राहिले. त्या टाळ्या तिच्या होत्या. संस्कृती धुळीतून उठली आणि तिनं आधी कडेला, बहिणीकडे बघितलं.

"कोपर जास्त वाकलं," श्रेया ओरडली. "परत मार!"