दिव्याला पडलेलं खळं

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिव्याभोवती खळं दिसायचं. चंद्राला पडतं तसं, पण रंगीत. बाहेरून तांबडं, आतून निळं. तिन्हीसांजेला आई कंदील लावून खुंटीला अडकवायची की अण्णांची हाक यायची, "ये गं माय, खळं बघ." मी डोळे फाडफाडून बघायचे. कंदील तर नुसता कंदील! "नाही दिसत," म्हटलं की म्हणायचे, "नीट बघ." मला असा संताप यायचा! वर्गात पहिली येणारी मी, आणि घरातलं एवढं खळं मला दिसू नये? अंगणात जाऊन रडलेय मी त्याच्यापायी.

अण्णा छावणीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. मूळचे खुलताबादकडच्या शेतकरी घरातले. शिकले सगळं उर्दूतून, आणि पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य जाऊन शाळा मराठी झाली तेव्हा तेच मराठीतून शिकवायला लागले. फळ्याकडं तोंड करून आधी 'इनइताफ' पुटपुटायचे, मग पोरांकडं वळून 'वक्रीभवन' म्हणायचे. घरी दोन्ही शब्द बाजूला. घरी फक्त, "प्रकाश वाकतो." हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, काचेत शिरताना त्याहून जास्त वाकतो. थंडीत ओठांना लावायला आणलेलं ग्लिसरीन ते पेल्यात ओतायचे आणि त्यात काचेची कांडी बुडवायचे. बुडालेला भाग गायब!

"कांडी तिथंच आहे," अण्णा म्हणायचे. "पण ग्लिसरिनात आणि ह्या काचेत प्रकाश सारखाच चालतो. वाकत नाही, म्हणून दिसत नाही."

"अहो, पोरीचे ओठ फुटलेत आणि तुम्ही कांडीला ग्लिसरीन पाजताय!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

खळ्याचंही त्यांनी गणित मांडलं होतं. बारीक पाण्याच्या थेंबांतून गेल्याशिवाय रंग असे फुटत नाहीत, तेव्हा दिवा आणि डोळा यांच्यामध्ये कुठंतरी थेंब असणारच. मग त्या थेंबांचा शोध! कंदिलाची काच राखेनं घासून झाली, चष्मा धोतरानं पुसून झाला, चुलीची वाफ नको म्हणून दार लावून झालं. थेंब काही सापडेनात. ज्या दिवशी खळं मोठं दिसायचं, त्या दिवशी त्यांची भुवई ठणकायची. आई म्हणायची पित्त आहे, आणि सुंठ उगाळून कपाळाला लावायची.

मग ते धडकायला लागले. आधी दाराच्या चौकटीला. "चष्म्याच्या कडेला प्रकाश जास्त वाकतो, त्यामुळं चौकट सरकल्यासारखी वाटते." पायरी चुकली. "नंबर बदललाय, पायरी वर आलेली दिसते." गुलमंडीवर टांग्याखाली येता येता वाचले, टांगेवाला ओरडला, "अरे मास्टर साब, देख के चलो ना!" घरी येऊन त्यांनी तेही मला कागदावर रेघा मारून समजावलं. प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार! आणि उत्तर चुकीचं असतं तर भांडता तरी आलं असतं. बाजारातल्या चष्मेवाल्यानं डोळ्यात बघून सांगितलं, मोतीबिंदू धरतोय, पिकू द्या. पिकल्याशिवाय काढत नसत तेव्हा. गल्लीतही ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, पिकू द्या मास्तर. अण्णा निर्धास्त. "आतलं भिंग गढूळ झालंय. ते काढतील आणि जाड भिंग बाहेरून लावतील. प्रकाश वाकल्याशी मतलब." आंब्याची आढी लावून बसावं तसे आम्ही सगळे बसून राहिलो, पिकायची वाट बघत.

दिवसाढवळ्या समोरच्या आईला ते "कोण आहे?" म्हणाले, तेव्हा आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं.

"पिकलाय ना डॉक्टरसाहेब?" आईनं विचारलं.

"मोतीबिंदू थोडासाच आहे, बाई. हा काचबिंदू आहे. मास्तर, दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं का तुम्हाला?"

अण्णा खुर्चीत ताठ झाले. "दिसायचं ना! कित्येक वर्षं."

डॉक्टर म्हणाले, डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढला की बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात पाणी झिरपतं, आणि त्या बारीक थेंबांतून रंग फुटतात.

"म्हणजे थेंबच होते!" अण्णांचा चेहरा उजळला. माझा हात शोधून दाबला त्यांनी. "मी म्हणत होतो ना गं?"

बरोबर होतात, अण्णा. घ्या, पेढे वाटा! माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माझ्या बापाचा मला इतका राग आला आणि इतकी दया आली की मी खिडकीकडं तोंड फिरवलं. नवा चष्मा द्या, असं आई म्हणत राहिली. डॉक्टर तिला समजावत राहिले, चष्मा प्रकाश वाकवून आत पोचवतो. आत पोचलेलं मेंदूकडं नेणारी नसच दाबानं सुकली, तर चष्मा काय करणार? पुन्हा हिरवी व्हायची नाही ती. निघताना म्हणाले, हे रक्तात उतरतं; मुलीला कधी कडं दिसलं तर त्याच दिवशी घेऊन या.

त्यानंतर अण्णांनी प्रकाशाचं नाव काढलं नाही. कांडी कपाटात गेली, ग्लिसरीन ओठांना राहिलं. फक्त तिन्हीसांजेला, मी दिवा लावला की विचारायचे, "खळं दिसतं का गं?"

"नाही, अण्णा."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

"बरं झालं. जेवायला बस."

घरात वीज आली, आई गेली, मी शाळेत नोकरीला लागले. लग्न केलं नाही, अण्णांना कोण बघणार? बटणाचा आवाज झाला की त्यांचा प्रश्न ठरलेला. एकदा दुपारभर माझी डावी भुवई ठणकत होती. उन्हातून आले म्हणून असेल, असं म्हणत मी चहा घेतला, भाजी चिरली. अंधार पडला तसं बटण दाबलं.

बाहेरून तांबडं, आतून निळं. अण्णांनी सांगितलं होतं तस्संच. आणि मेलं सुंदर होतं.

माझी नस आधीच कितीतरी सुकलीय, हे मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळायचं होतं. त्या संध्याकाळी मी भिंतीला हात टेकून उभी राहिले, आणि खाटेवरून आवाज आला.

"खळं दिसतं का गं?"

"नाही, अण्णा."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. नुसता दिवा आहे."

"बरं झालं," म्हणाले. "जेवायला बस."