मॅटिनीची सोबत
वाळूचं वादळ आलं आणि खिडक्या लावून घेतल्या, की मला त्रेसष्ट सालची, इस्रायलच्या वाळवंटातल्या येरुहाम गावची एक दुपार आठवते. माझं नुकतंच लग्न झालं होतं. घासलेटच्या वासाने भरलेल्या एका खोलीत कोंडलेले आम्ही सगळे सिनेमे ओळखायचा खेळ खेळत होतो. नणंदेने प्रसंग सांगितला आणि मी पटकन सिनेमाचं नाव घेतलं. "मुंबईत मॅटिनीला पाहिलाय," बोलून गेले. "कोणाबरोबर?" नवऱ्याने विचारलं. दाराबाहेर वाळू उडत होती, उठून जाणार कुठे? "माझ्याबरोबर," आमच्याकडे आलेला माझा थोरला भाऊ म्हणाला. "मग शेवट काय रे होता?" सासूबाईंनी विचारलं. "मला झोप लागली होती," तो म्हणाला, आणि सगळे हसले. त्याने तो सिनेमा पाहिलाच नव्हता. मी कोणाबरोबर गेले होते, ते त्याने आजवर विचारलेलं नाही.