समितीचा मुक्काम दवाखान्यात

मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसाच्या पुढे जंगलात गोंडांचं एक गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत मी मास्तरीण होते. नवरा बालाघाटला तांदळाच्या गिरणीत मुनीम, आणि आमची लहान मुलगी सासूबाईंजवळ. महिन्यातून एकदा मी बैहरवरून बस धरून घरी जायची आणि मुलगी झोपेत असतानाच परत निघायची. बदलीचा अर्ज केला होता. तो कुठल्या तरी टेबलावर पडून होता.

गावात मी एका म्हातारीच्या घरी राहायची. गोंडी मी तिच्याकडूनच शिकले. ती माझ्यासाठी हिंदी शिकणार नव्हती, मलाच तिची भाषा यावी लागली.

मी आले त्या वर्षी शाळेच्या मागे एका पक्क्या इमारतीचं काम चालू होतं. दवाखाना होणार होता. भोपाळच्या विधानसभेनं त्याच्यासाठी पैसा मंजूर केला, असं तहसीलदार गावात सांगून गेले होते. समोर रोग्यांना बसायला लांब व्हरांडा, बाजूच्या भिंतीत औषध द्यायची छोटी खिडकी. पाटीही लागली. मग एक दिवस पाटी उतरली. पलंग आले, पडदे आले, खानसामा आला. दवाखान्याचं विश्रामगृह झालं. साहेब लोक दौऱ्याला, आणि दौऱ्यापेक्षा जास्त शिकारीला, तिथं उतरू लागले. औषधाच्या खिडकीतून चहाचे कप बाहेर येऊ लागले.

त्याच हिवाळ्यात म्हातारीची सून बाळंतपणात अडली. बैलगाडीत भाताचं तणस टाकून आम्ही तिला बैहरच्या दवाखान्यात घेऊन निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बैहर अजून बरंच लांब असताना ती गेली. म्हातारीनं गाडी वळवायला सांगितली, एवढंच. पुढे ती त्या गोष्टीबद्दल माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दोनेक वर्षांनी विधानसभेची समिती येणार अशी बातमी आली. सभागृहानं ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामावर तो लागला की नाही, हे पाहणारी ही आमदारांची समिती. आठ दिवस आधीपासून रस्त्यावर मुरूम पडत होता. शाळेला चुना लागला. मुलांकडून स्वागतगीत बसवून घ्या, असा मला निरोप आला.

समिती संध्याकाळी आली आणि विश्रामगृहात उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावापलीकडच्या माळावर त्यांना दगडांचा एक ढीग दाखवला. दवाखाना इथं होणार, सामान येऊन पडलंय, असं सांगितलं. नंतर सगळे शाळेच्या अंगणात येऊन बसले. चिंचेखाली गावातल्या बाया बसवल्या होत्या, मागे मी आणि माझे विद्यार्थी.

समितीचे अध्यक्ष वयस्कर होते, धोतर नेसलेले, आवाज अगदी हळू. त्यांनी हिंदीत विचारलं, आजारी पडलात तर कुठं जाता? एका फॉरेस्ट गार्डाला दुभाषा केलं होतं. त्यानं गोंडीत विचारलं. सरळ देवाकडे, असं एक बाई बोलली आणि सगळ्याजणी तोंडावर पदर घेऊन हसल्या. गार्ड म्हणाला, "साहब, कहती हैं सब ठीक है."

"मग हसल्या कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

गार्डानं टोपी सारखी केली. अध्यक्षांची नजर माझ्याकडे आली. मी मुलांना गोंडीतच दटावत होते, ते त्यांनी ऐकलं असावं. "बहनजी, आप आइए," ते म्हणाले. "आता तुम्ही सांगा."

त्याच वेळी पाहुण्यांसाठी प्यायचं पाणी आलं आणि मंडळी उठली. तालुक्याचे मोठे साहेब माझ्याजवळ आले. ते नागपूरकडचे. एरवी हिंदीत बोलायचे, त्या दिवशी मराठीत बोलले.

"ताई, तुमची लहान मुलगी बालाघाटला आहे ना?"

"हो."

"बदलीचा कागद माझ्याच सहीनं वर जाणार आहे. या बाया अडाणी आहेत, काहीही बोलतील. तुम्ही थोडक्यात सांगा. फार खोलात जायची गरज नाही."

आवाजात राग नव्हता. घरच्या माणसानं समजवावं तसं ते बोलले. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे मला आजही सांगता येणार नाही.

मंडळी परत बसली. अध्यक्षांनी विचारलं, दवाखान्याबद्दल गावाला काय माहीत आहे? मी गोंडीत प्रश्न केला. बाया खाली बघू लागल्या. मग माझी म्हातारी उठून उभी राहिली. ती अशा ठिकाणी बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अध्यक्षांकडे बघत ती म्हणाली, "दवाखाना होऊन गेला. रात्री तुम्ही त्यातच झोपले."

आणि खाली बसली.

साहेबांना कळलं नाही, समितीला कळलं नाही. गार्डाला कळलं, तो बुटाकडे पाहत होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी गोड सांगून टाकणं सोपं होतं. दवाखाना लवकर व्हावा अशी विनंती आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्या पाठीमागे शाळा उभी होती. त्या मुलांना गोंडी आईकडून आली होती आणि हिंदी मीच शिकवली होती. म्हातारी काय बोलली ते त्यांनी ऐकलं होतं, आणि मी काय सांगते तेही मुलं ऐकणार होती. गार्ड सोडला तर त्या अंगणात माझी तपासणी करू शकणारे तेवढेच होते.

मी म्हणाले, "वह कह रही हैं, दवाखाना बन चुका है. कल रात आप लोग उसी में सोये थे."

साहेब हसून म्हणाले, म्हातारीचा काहीतरी गैरसमज झालाय. ती माझीच घरमालकीण आहे, हेही त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं. अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"आता दुसऱ्याचं नका सांगू. तुम्हाला काय माहीत आहे?"

इतका वेळ मी म्हातारीच्या शब्दांआड उभी होते. आता आड काही राहिलं नाही. माझी मुलगी डोळ्यापुढे आली, खोटं कशाला सांगू. मी सांगितलं की पाटी मी स्वतः वाचली होती, आणि ती उतरवतानाही मी इथंच होते. मग गाडीतल्या बाळंतिणीचं सांगितलं.

अध्यक्ष उठले आणि चालत विश्रामगृहाकडे निघाले. मागून सगळे, सगळ्यात मागे आम्ही. व्हरांडा त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. भिंतीतल्या खिडकीपाशी थांबले. त्यांचा सकाळचा चहा तिथूनच आला होता.

"ही खिडकी कशाला ठेवली होती?"

साहेबांनी खानसाम्याकडे पाहिलं.

"सभागृहानं पैसा दवाखान्याला दिला होता. तो दुसरीकडे लावायचं कोणी ठरवलं?"

"वरून आदेश होता, साहेब. अधिकाऱ्यांना उतरायला या भागात जागा नव्हती."

"सभागृहाला विचारलं होतं?"

दुपारच्या जेवणाची तयारी तशीच राहिली. समितीनं बिस्तरे आवरले आणि जीपा बैहरकडे गेल्या. साहेब जाताना माझ्याकडे बघून नमस्कार करून गेले.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ही गोष्ट माझ्याआधी बालाघाटला पोचली होती. नवरा जेवताना म्हणाला, "तू काहून बोलली असं मी नाही विचारत. पण बदलीचं आता विसर."

"हौ," मी म्हणाले.

"पोरीले काय सांगू?"

मी माझं ताट घेऊन उठले. तोही मग उठून हात धुवायला गेला.

मला कोणी त्रास दिला नाही. ना चौकशी, ना ठपका. फक्त कागद हलला नाही. समितीच्या अहवालात आमच्या गावाबद्दल लिहून आल्याचं पुढे बालाघाटच्या एका वकिलाकडून कळलं. खात्यानं प्रशासकीय सोयीचं कारण दिलं होतं, समितीनं ते मानलं नव्हतं. मग अर्धी इमारत मोकळी झाली. दोन खोल्यांत दवाखाना उघडला, एक कंपाउंडर आला, आठवड्यातून एकदा डॉक्टर येऊ लागले. उरलेल्या खोल्यांत पलंग आणि पडदे राहिलेच. म्हातारीला मी एकदा विचारलं, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, भीती तुला होती, माझी कुठं बदली करतील?

माझी बदली झाली ते साहेब दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यानंतर. तोवर मुलगी शाळेत जाऊ लागली होती आणि आजीला आई म्हणत होती. मी घरी आले तेव्हा ती दारात उभी होती. पहिले कितीतरी दिवस ती माझ्याशी हिंदीत बोलायची, आप म्हणून, शाळेतल्या बहनजीशी बोलावं तशी. मी मराठीतच उत्तर देत राहिले.