मिठाचा सोमवार
शेजारच्या घरी मूगडाळीच्या खिचडीला फोडणी पडली, की मला चामटोलीच्या पुढच्या त्या शाळेची पत्र्याची शेड आठवते. मी तिथं शिकवायचे. रोजच्या रिक्षेनं कंबर पार कामातून गेली होती, म्हणून बदलीसाठी मी सोळा सोमवार धरले होते. खिचडी शिजवणाऱ्या मावशीनं लेकीच्या लग्नासाठी आणि तिच्या मदतनीस बाईनं मुलाला आनंदनगरच्या कंपनीत काम लागावं म्हणून माझ्याबरोबरच व्रत घेतलं होतं. तो आमचा शेवटचा सोमवार. पोरं ताटं वाजवत ओळीत बसली आणि मावशी हळूच म्हणाली, “बाई, मीठ मी टाकलंय, आन् ही बोलते हिनंपन टाकलंय. चाखलं कोनीच नाय.” पोरांच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची असा नियम, आणि शाळेतले दुसरे गुरुजी नेमके मीटिंगला गेलेले. पातेल्याभोवती आम्ही तिघी, तिघींचाही उपास; मीठ जिभेला लागलं की व्रत मोडलं. बाहेरून पहिलीतली एक मुलगी ओरडली, “बाई, भूक लागली ना!” मी तळहातावर चार शितं घेतली आणि तोंडात टाकली. खारटढाण. “बटाटे टाका, पाणी वाढवा,” मी म्हणाले. मावशी बटाटे ओढून घेत म्हणाली, “अहो बाई, तुमचा सोमवार गेला ना!” “गेला. गॅस पेटवा.” पुढं तिच्या लेकीचं लग्न झालं, मदतनीस बाईचा मुलगाही कंपनीत लागला. मी त्याच शाळेतून रिटायर झाले. पहिल्यापासून पुन्हा सोळा सोमवार धरायचं त्राण काही आलं नाही.