दाजींचा हुकूमभंग

माझे दाजी सव्वीस वर्षं लष्कराचा ट्रक चालवून घरी आले, तेव्हा सोबत एक लोखंडी ट्रंक होती, कायमची पाठदुखी होती आणि काहीही सांगितलं तरी "बरं" म्हणायची सवय होती. ताईने भाजी आणा म्हटलं, बरं. भाजी परत करून या म्हटलं, तरी बरंच.

पेन्शन कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे फॉर्मही मीच भरून देतो. लष्करातून सुटलेली माणसं रोज बघतो; जन्मभर वाघासारखी वागलेली, फॉर्मपुढे मात्र शेळी होतात. पण दाजींनी जे केलं, ते आजवर कुणी केलं नव्हतं.

फॉर्मच्या चौथ्या पानावर दोन पर्याय असतात. पहिला, पूर्ण पेन्शन, पण फक्त स्वतःच्या हयातीत. दुसरा, दरमहा थोडी कमी, पण आपल्या माघारी बायकोला आयुष्यभर निम्मी. दाजींनी मला न विचारता फॉर्म भरला आणि देऊनही आले. आठवड्याने तो परत आला. पर्यायाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "आदेशाप्रमाणे".

मी कपाळावर हात मारला. "दाजी, हे काय?"

"साहेब ठरवतील तसं."

"कुठले साहेब? तुम्ही सुटलात!"

"मग ठरवणार कोण?"

"तुम्ही!"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझ्याच चढलेल्या आवाजाची लाज वाटली. कुठे राहायचं, कधी जेवायचं, कुठल्या रस्त्याने ट्रक न्यायचा, हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. ताईशी लग्नसुद्धा वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवलेलं, दाजी फक्त वेळेवर हजर झाले.

कारकूनबाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. तोवर रकाना भरला नाही तर पहिला पर्याय आपोआप लागू, आणि मग बदल नाही. ताई दाजींपेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिला नोकरी नाही, तिच्या नावावर काही नाही. मला तिची काळजी वाटायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दोघांना सगळं समजावलं. ताईचा पारा चढला.

"त्यांच्या मरणाच्या गोष्टी माझ्या घरात नकोत! अहो, पूर्ण पेन्शन घ्या. तुमच्या पाठीचे उपचार आहेत, छत गळतंय. माझं मी बघेन."

"बरं," दाजी म्हणाले.

झालं! आदेश मिळाला होता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

शुक्रवारी दोघं कचेरीत आली. मीही दुकान बंद करून मागे गेलो. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, बसायला खुर्ची दाखवली. दाजी उभेच राहिले, टाचा जुळवून.

"लिहा, पहिला," ताई म्हणाली.

दाजींनी पेन उचललं, आणि लिहायच्या आधी बाईंना म्हणाले, "माझ्या अकरा बदल्या झाल्या. अकरा वेळा हिने घर मांडलं, अकरा वेळा आवरलं. दोन्ही मुली झाल्या तेव्हा मी नव्हतो. निम्मी नोकरी हिनेच केली, पण तसं कुठल्या कागदावर नाही."

आणि त्यांनी लिहिलं, "दुसरा".

"अहो! मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं ना. पण हा हुकूम मला मानता येणार नाही."

ताई तिथेच रडायला लागली. रडता रडता त्यांना वेडं म्हणाली, हट्टी म्हणाली, आणि माझ्याकडे वळून "तूच यांना बिघडवलंस" असंही म्हणाली. बाईंनी मान खाली घालून शिक्का मारला.

बाहेर आल्यावर दाजींनी पोचपावतीची घडी करून खिशात घातली, मग पुन्हा काढून ताईच्या हातात दिली. तिने ती पर्समध्ये ठेवली, डोळे पुसले आणि आवाज चढवून म्हणाली, "आणि उद्या पुन्हा लष्करातल्यासारखं पहाटे पाचला उठून भांडी वाजवलीत तर याद राखा!"

मी "बरं" ऐकायच्या तयारीत होतो.

"बघू," दाजी म्हणाले.